वारसा आणि कर्तव्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १७७६ साली आपले स्वातंत्र्य घोषित केले, तेव्हा सर्व माणसे जन्मतः समान आहेत हे तत्त्व त्यांनी मोठ्या अभिमानाने जगापुढे मांडले. परंतु त्याच वेळी त्या देशातील मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले लाखो गुलाम राबत होते. पुढे १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण या दोन भागांत घनघोर यादवी युद्ध झाले. दक्षिणेचा पराभव झाला आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. तथापि पायांतील बेड्या तुटल्या, तरी मनांतील अढी गेली नाही. दक्षिणेतील राज्यांनी गोऱ्यांसाठी व कृष्णवर्णीयांसाठी निरनिराळ्या शाळा, निरनिराळे रेल्वेचे डबे, निरनिराळी रुग्णालये, इतकेच नव्हे तर निरनिराळ्या स्मशानभूमी ठेवण्याचे कायदे केले. १८९६ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही या वर्णभेदावर मान्यतेची मोहोर उमटवली. डोईपट्टी आणि साक्षरतेची परीक्षा यांसारख्या अटी घालून कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्कही हिरावून घेण्यात आला. जो कोणी या व्यवस्थेविरुद्ध मान वर करी, त्याला जमावाच्या हातून मरण येण्याचे भय असे.

अशा या देशाच्या अध्यक्षपदावर १९४५ साली जो पुरुष आरूढ झाला, त्याच्या दोन्ही आजोबांच्या पदरी गुलाम होते. त्याचे नाव हॅरी ट्रुमन. घरातून मिळालेला वारसा एका बाजूला आणि पदाने सोपवलेले कर्तव्य दुसऱ्या बाजूला, असा प्रसंग त्याच्यावर आला. त्या प्रसंगी त्याने कोणती वाट धरली, हे त्याच्या चरित्रावरून कळून येते.

हॅरीचा जन्म ८ मे १८८४ रोजी मिसुरी राज्यातील लमार या लहानशा गावी झाला. त्याचे वडील जॉन ट्रुमन हे शेती आणि जनावरांचा व्यापार करीत. आई मार्था ही शिकलेली, करारी व स्पष्टवक्ती स्त्री होती. यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. त्या युद्धात उत्तरेच्या बाजूच्या सैनिकांनी तिच्या वडिलांच्या शेतावर धाड घालून ते लुटले, आणि पुढे लष्करी हुकुमाने त्या मुलखातील असंख्य कुटुंबांना घरेदारे सोडून बाहेर पडावे लागले. त्या दिवसांची जखम तिच्या मनात आयुष्यभर ओली राहिली. गुलामांना मुक्त करणारे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे नाव जगात आदराने घेतले जाई. परंतु ट्रुमन यांच्या घरात त्या नावाविषयी प्रेम नव्हते.

हॅरी पाच वर्षांचा होण्यापूर्वीच आईने त्याला वाचायला शिकवले. त्याची दृष्टी जन्मापासूनच अधू होती. जाड भिंगांचा चष्मा लागल्यामुळे धसमुसळ्या खेळांत भाग घेण्याची त्याला मनाई होती. बरोबरीची मुले मैदानावर धावत असता हा मुलगा पियानो शिके, नाहीतर पुस्तकात डोके खुपसून बसे. १८९० साली हे कुटुंब इंडिपेंडन्स या गावी राहावयास आले. तेथील वाचनालयातील ग्रंथांनी हॅरीला वेड लावले. त्यातही थोरांची चरित्रे आणि इतिहास यांवर त्याचे विशेष प्रेम होते.

१९०१ साली हॅरीचे शालेय शिक्षण पूर्ण झाले. त्याच सुमारास धान्याच्या सट्ट्यात वडिलांची सारी पुंजी बुडाली आणि महाविद्यालयाचे दार त्याला कायमचे बंद झाले. रेल्वेचे काम करणाऱ्या मजुरांची हजेरी मांडणे, बँकेत कारकुनी करणे अशी कामे त्याने केली. १९०६ साली तो आजीच्या ग्रँडव्ह्यू येथील शेतावर गेला आणि पुढील सुमारे अकरा वर्षे त्याने नांगरणी, पेरणी आणि कापणी यांत घालवली. या काळातील त्याची खाजगी पत्रे पुढे प्रसिद्ध झाली आहेत. कृष्णवर्णीय व अन्य वंशांच्या लोकांविषयी तुच्छतेचे उद्गार त्यांत आढळतात. ज्या समाजात तो वाढला, त्या समाजाचे पूर्वग्रह त्यानेही श्वासाबरोबर आत घेतले होते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली, तेव्हा ट्रुमन बत्तीस वर्षांचे होते. अधू दृष्टी आणि शेतीची जबाबदारी या सबबींवर त्यांना घरी राहता आले असते. परंतु ते सैन्यात दाखल झाले आणि फ्रान्सच्या भूमीवर तोफखान्याच्या एका तुकडीचे कॅप्टन झाले. ही तुकडी अत्यंत दांडगट म्हणून प्रसिद्ध होती. १९१८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री शत्रूच्या तोफांचा भडिमार सुरू होताच तिच्यातील पुष्कळ सैनिक घाबरून पळू लागले. चष्मा लावणारा हा साधा दिसणारा कॅप्टन मात्र जागचा हलला नाही. त्याने खणखणीत शब्दांत सैनिकांची अशी हजेरी घेतली की, ते लज्जित होऊन माघारी फिरले. त्या दिवसापासून तुकडीने त्यांना आपले मानले. सामान्य माणसांचे नेतृत्व आपण करू शकतो, हा विश्वास ट्रुमन यांना तेथे लाभला, आणि सोबतच्या सैनिकाविषयीचा जिव्हाळा त्यांच्या मनात कायमचा रुजला. याच जिव्हाळ्याने पुढे एका कसोटीच्या वेळी त्यांना हाक दिली.

युद्धावरून परतल्यावर १९१९ साली त्यांचा विवाह बालपणीची मैत्रीण बेस वॉलेस हिच्याशी झाला. त्याच वर्षी एडी जेकबसन या लष्करातील मित्राच्या भागीदारीत त्यांनी कॅन्सस शहरात पुरुषांचे सदरे, टोप्या, गळपट्टे इत्यादी वस्तूंचे दुकान थाटले. दोन-तीन वर्षांत मंदी आली आणि १९२२ साली दुकान बुडाले. कायद्याचा आधार घेऊन दिवाळे जाहीर करणे आणि देण्यातून सुटणे त्यांना शक्य होते. परंतु त्यांनी तो मार्ग पत्करला नाही. पुढे कित्येक वर्षे पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ते कर्ज फेडले.

पोटापाण्यासाठी दुसरा उद्योग पाहणे भाग होते. त्या वेळी कॅन्सस शहरातील राजकारणावर टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्याची पकड होती. त्याच्या पाठिंब्याने ट्रुमन जॅक्सन कौंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या एका विभागाच्या, कारभारमंडळावर निवडून आले. १९२४ च्या निवडणुकीत कू क्लक्स क्लॅन या वर्णविद्वेषी संघटनेने त्यांना विरोध केला आणि त्यांचा पराभव झाला. परंतु १९२६ साली ते त्या मंडळाचे प्रमुख झाले. पेंडरगास्टचा कारभार भ्रष्ट म्हणून कुप्रसिद्ध होता आणि पुढे करबुडवेगिरीबद्दल तो तुरुंगातही गेला. ट्रुमन यांनी त्याचे राजकीय साहाय्य घेतले, हे त्यांच्या चरित्रातील एक न्यून म्हणावे लागेल. तथापि सार्वजनिक पैशातून स्वतःचे घर भरल्याचा आरोप त्यांच्यावर सिद्ध झाला नाही. त्यांनी बांधलेले पक्के रस्ते व कचेऱ्या यांनी त्यांचा लौकिक वाढवला.

१९३४ साली ते सिनेटवर निवडून गेले. १९४० च्या निवडणुकीचा प्रचार त्यांनी मिसुरीतील सेडेलिया या गावी सुरू केला. समोरचा श्रोतृवर्ग बहुतांशी गोऱ्या शेतकऱ्यांचा होता. त्यांच्यापुढे ट्रुमन यांनी सांगितले की, आपण ज्या बंधुभावावर विश्वास ठेवतो तो केवळ गोऱ्यांचा बंधुभाव नसून कायद्यापुढील सर्व मानवांचा बंधुभाव आहे. असे असले तरी दोन्ही वर्णांच्या लोकांनी एकमेकांत मिसळावे, एका पंक्तीस बसावे, असे आपले म्हणणे नाही, हेही त्यांनी त्या काळात सांगून टाकले होते. कायद्याची समानता त्यांना मान्य होती. हृदयाची समानता अद्याप दूर होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धखर्चातील उधळपट्टी शोधून काढणाऱ्या सिनेटच्या समितीचे ते प्रमुख होते. त्या कामगिरीमुळे त्यांचे नाव देशभर झाले, आणि १९४४ साली अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याबरोबर उपाध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. त्या पदावर त्यांना अवघे ब्याऐंशी दिवस मिळाले. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट यांचे आकस्मिक निधन झाले आणि ट्रुमन यांच्या खांद्यावर एका महायुद्धाचे ओझे येऊन पडले. देश अणुबाँब तयार करीत आहे, याची पूर्ण माहितीही तोवर त्यांना देण्यात आलेली नव्हती. ८ मे रोजी, त्यांच्या वाढदिवशीच, युरोपातील युद्ध संपल्याचे जाहीर झाले. ऑगस्टमध्ये जपानच्या हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर त्यांच्या संमतीने अणुबाँब टाकण्यात आले. एक लाखाहून अधिक माणसे त्यांत मृत्युमुखी पडली. युद्ध त्यामुळे लवकर थांबले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. निरपराध नागरिकांच्या या संहाराचे समर्थन होऊच शकत नाही, असे मानणारेही तितकेच आहेत. ट्रुमन यांच्या कारकिर्दीवरील ही सर्वांत गडद छाया होय.

या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात सुमारे दहा लाख कृष्णवर्णीय होते. वर्णवर्चस्वाचा उद्घोष करणाऱ्या हिटलरशी लढण्यासाठी अमेरिकेने त्यांना पाठवले. परंतु त्यांच्या तुकड्या वेगळ्या, बराकी वेगळ्या, भोजनगृहे वेगळी. इतकेच काय, जखमी सैनिकांसाठी दान केलेले रक्तही दात्याच्या वर्णानुसार वेगवेगळे ठेवण्यात येई. रणांगणावर सांडणारे रक्त एकाच रंगाचे असते, याचे स्मरण कोणाला झाले नाही. हे सैनिक विजय मिळवून मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या मनात साहजिकच नवी आशा होती. तिला उत्तर कसे मिळाले, ते पुढील घटनेवरून दिसून येईल.

१२ फेब्रुवारी १९४६ चा दिवस. पॅसिफिक महासागरातील रणक्षेत्रावर सेवा करून परतलेला सार्जंट आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय तरुण सैन्यातून सन्मानाने मुक्त झाला होता. जॉर्जिया राज्यातून बसने तो पत्नीच्या भेटीसाठी निघाला. अंगावर लष्करी गणवेष होता. वाटेत लघुशंकेसाठी गाडी थांबवण्याची त्याने विनंती केली आणि त्यावरून चालकाशी त्याची बाचाबाची झाली. दक्षिण कॅरोलायना राज्यातील बेट्सबर्ग या गावी चालकाने पोलिसांना बोलावले. तेथील पोलीसप्रमुखाने त्याला दंडुक्याने निर्दयपणे मारले. डोळ्यांवर असे घाव घातले की, त्या तरुणाची दोन्ही नेत्रांची ज्योती कायमची मालवली. जी दृष्टी युद्धात शाबूत राहिली, ती स्वदेशात येताच गेली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात जॉर्जिया राज्यात मनरो या गावाजवळ एका जमावाने दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना मोटारीतून खाली ओढून गोळ्या घातल्या. त्या चौघांतही एक जण युद्धावरून परतलेला सैनिक होता.

१९ सप्टेंबर १९४६ रोजी कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे नेते वॉल्टर व्हाइट हे काही सहकाऱ्यांसह अध्यक्षांना भेटले. त्यांनी या घटनांची हकीकत सांगितली. वुडर्डची कहाणी ऐकताना ट्रुमन यांचा चेहरा पालटला. परिस्थिती इतकी भयंकर असल्याची आपल्याला कल्पना नव्हती; काहीतरी केलेच पाहिजे, असे ते म्हणाले. फ्रान्समधील चिखलात ज्या सैनिकांबरोबर त्यांनी दिवस काढले होते, त्यांच्यापैकीच एकावर हा घाव पडला आहे, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. गणवेष घालून देशासाठी लढलेल्या माणसाला त्याच देशाच्या अधिकाऱ्याने आंधळे करावे, ही गोष्ट त्यांच्या न्यायबुद्धीला सहन होण्यासारखी नव्हती.

केंद्र सरकारने त्या पोलीसप्रमुखावर खटला भरला. नोव्हेंबरमध्ये सर्व गोऱ्या ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आत त्याला निर्दोष ठरवून सोडून दिले. एका अपराध्याला शिक्षा करण्याइतकेही सामर्थ्य राष्ट्राध्यक्षांच्या हाती नव्हते, हे उघड झाले. दोष केवळ व्यक्तीत नसून व्यवस्थेत आहे, हे ट्रुमन यांनी ओळखले. ५ डिसेंबर १९४६ रोजी त्यांनी नागरिकांच्या हक्कांचा विचार करण्यासाठी पंधरा सदस्यांची एक समिती नेमली. तिच्यात उद्योगपती होते, धर्मगुरू होते, विद्वान होते आणि दोन कृष्णवर्णीय सदस्यही होते. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये समितीने आपला अहवाल सादर केला आणि वर्णभेदाची प्रथा कायद्याने मोडून काढावी, असे निःसंदिग्ध शब्दांत सुचवले.

हा अहवाल येण्यापूर्वीच, २९ जून १९४७ रोजी, ट्रुमन वॉशिंग्टन येथील लिंकन यांच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उभे राहिले. समोर कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले होते. या संघटनेपुढे भाषण करणारे ते पहिलेच अमेरिकन अध्यक्ष होत. आपण सर्व नागरिकांच्या हक्कांविषयी बोलतो तेव्हा त्यात सर्व अमेरिकन येतात आणि त्या हक्कांचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्यांनी तेथे ठासून सांगितले. भाषणाच्या आदल्या दिवशी त्यांनी बहिणीला पत्र लिहिले होते. आपण उद्या जे बोलणार आहोत ते आईला रुचणार नाही, अशी कबुली त्यात होती. चौऱ्याण्णव वर्षांची वृद्ध माता त्या वेळी ग्रँडव्ह्यू येथे आजारी होती. तिच्यावर त्यांची निस्सीम भक्ती होती. तरीही ते भाषण त्यांनी बदलले नाही. त्यानंतर महिना होण्याच्या आतच, २६ जुलै १९४७ रोजी, तिने देह ठेवला. तिच्या भेटीसाठी विमानाने निघालेल्या पुत्राला ती वार्ता वाटेतच कळली.

२ फेब्रुवारी १९४८ रोजी ट्रुमन यांनी विधिमंडळाकडे एक संदेश पाठवला. जमावाच्या हत्यांना आळा घालावा, मतदानाच्या मार्गातील डोईपट्टी काढून टाकावी, नोकऱ्यांतील पक्षपात बंद करावा, अशा मागण्या त्यात होत्या. दक्षिणेतील राज्यांत संतापाची लाट उसळली. ते वर्ष निवडणुकीचे होते, आणि दक्षिण हा तर ट्रुमन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा पिढ्यान् पिढ्यांचा बालेकिल्ला. तो गमावून कोणी अध्यक्ष होईल, ही कल्पनाच हास्यास्पद मानली जाई. त्यांच्याच एका जुन्या मित्राने पत्र लिहून या बाबतीत सबुरीने घेण्याचा सल्ला दिला. ट्रुमन यांनी त्याला उत्तर पाठवले. मनरो येथील हत्या आणि वुडर्डचे डोळे यांचा त्यात उल्लेख करून त्यांनी कळवले की, अशा गोष्टी घडत असताना स्वस्थ बसणे आपल्याला शक्य नाही. आणि यापायी निवडणूक हरावी लागली, तर तो पराभव एका सत्कार्यासाठी झालेला असेल.

याच सुमारास दुसरीकडूनही एक आवाज उठला होता. रेल्वेच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय सेवकांच्या संघटनेचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्यावर महात्मा गांधींच्या सत्याग्रहाचा मोठा प्रभाव होता. सैन्यातील वर्णभेद नाहीसा झाला नाही, तर कृष्णवर्णीय तरुण सक्तीच्या लष्करभरतीस नकार देतील आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करतील, असा इशारा त्यांनी अध्यक्षांना समक्ष दिला. हा स्पष्टपणा ट्रुमन यांना आवडला नाही. परंतु त्यातील न्याय्य मागणी त्यांना टाळताही आली नाही. समानता ही केवळ वरून मिळालेली देणगी नव्हती. ती मागणारे धैर्याने पुढे आले, आणि ती देण्याचे धैर्य सत्तास्थानी असलेल्या पुरुषाने दाखवले, तेव्हाच ती वाट खुली झाली.

जुलै महिन्यात फिलाडेल्फिया येथे पक्षाचे अधिवेशन भरले. नागरी हक्कांचा ठराव संमत होताच दक्षिणेतील काही प्रतिनिधी सभात्याग करून निघून गेले. त्यांनी निराळा पक्ष स्थापून दक्षिण कॅरोलायनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड यांना ट्रुमन यांच्याविरुद्ध उभे केले. अशा वेळी सावध राजकारणी दोन पावले मागे सरकला असता. ट्रुमन यांनी मात्र २६ जुलै १९४८ रोजी दोन आज्ञापत्रांवर स्वाक्षऱ्या केल्या. एकाने केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतील पक्षपातास बंदी केली. दुसऱ्याने, म्हणजे क्रमांक ९९८१ च्या आज्ञापत्राने, सैन्यातील सर्वांना वर्ण, वंश व धर्म न पाहता समान वागणूक आणि समान संधी देण्यात यावी, असे जाहीर केले. त्या दिवशी त्यांच्या मातेच्या निधनाला बरोबर एक वर्ष पूर्ण झाले होते.

विधिमंडळ कायदे करीत नव्हते. दक्षिणेचे सिनेटर लांबलचक भाषणे करून असे प्रत्येक विधेयक रोखून धरीत. परंतु राष्ट्राध्यक्ष हा सैन्याचा सर्वोच्च अधिपती असल्यामुळे सैन्यापुरता हुकूम काढण्यास त्यांना कोणाच्या संमतीची आवश्यकता नव्हती. जेथवर आपला अधिकार पोहोचतो, तेथवर तरी न्याय पोहोचला पाहिजे, असा हा विचार होता.

त्यानंतर ट्रुमन यांनी रेल्वेने देशाचा दौरा आरंभला. गावोगावच्या लहान लहान स्थानकांवर गाडी थांबे आणि मागील डब्याच्या सज्जातून ते लोकांशी बोलत. निवडणुकीच्या अगदी अखेरीस त्यांनी न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सभा घेतली. त्यांचा पराभव निश्चित असल्याचे भाकीत सर्व पंडितांनी केले होते. एका मोठ्या वृत्तपत्राने तर मतमोजणी पूर्ण होण्याआधीच प्रतिस्पर्धी टॉमस ड्यूई विजयी झाल्याचा मथळा छापून टाकला. प्रत्यक्षात ट्रुमन यांना ३०३ निर्वाचक मते मिळाली, ड्यूई यांना १८९ आणि थर्मंड यांना ३९. दक्षिणेतील चार राज्ये त्यांच्या हातून गेली. परंतु ओहायो, इलिनॉय, कॅलिफोर्निया अशा मोठ्या राज्यांत कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांच्या पारड्यात टाकलेले वजन मोलाचे ठरले.

आज्ञापत्र काढणे सोपे, ते अमलात आणणे कठीण. सैन्यातील अनेक ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी चालढकल केली. ट्रुमन यांनी चार्ल्स फाही यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मात्र चिकाटी सोडली नाही. १९५० साली कोरियात युद्ध पेटले. तेथे सैनिकांची वाण पडू लागली, तेव्हा गोरे व कृष्णवर्णीय खांद्याला खांदा लावून लढू लागले, आणि एकत्र तुकड्या अधिक चांगल्या लढतात असा अनुभव आला. १९५४ पर्यंत केवळ कृष्णवर्णीयांची अशी वेगळी तुकडी सैन्यात उरली नाही.

इतर क्षेत्रांतही ट्रुमन यांनी पावले टाकली. १९४६ साली त्यांच्या स्वाक्षरीने झालेल्या कायद्यामुळे, वंशाच्या कारणावरून नागरिकत्व नाकारल्या गेलेल्या भारतीयांना अमेरिकेचे नागरिक होण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र भारतातून वर्षाला अवघ्या शंभर जणांना प्रवेश देण्याची त्यात अट होती. १९४९ साली त्यांनी विल्यम हेस्टी या कृष्णवर्णीय कायदेपंडिताची केंद्रीय अपील न्यायालयावर नेमणूक केली. असा मान मिळवणारे हेस्टी हे त्यांच्या समाजातील पहिलेच होत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारताचे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू त्यांना वॉशिंग्टन येथे भेटले. आशिया व आफ्रिकेतील राष्ट्रे स्वतंत्र होत असताना घरातील वर्णभेद अमेरिकेच्या प्रतिष्ठेला बाधक आहे, ही जाणीव तेथील राज्यकर्त्यांना होऊ लागली होती. शाळांतील वर्णभेदाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा १९५२ च्या डिसेंबरमध्ये ट्रुमन यांच्या सरकारने हाच मुद्दा मांडून भेदभावाविरुद्ध निवेदन दिले. १९५४ साली न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तोवर ट्रुमन पदावरून दूर झालेले होते.

२० जानेवारी १९५३ रोजी ट्रुमन निवृत्त झाले. कोरियातील युद्ध लांबल्यामुळे त्यांची लोकप्रियता अगदी खालावली होती. पत्नीसह रेल्वेने ते इंडिपेंडन्स येथील जुन्या घरी परतले. माजी अध्यक्षांना त्या काळी निवृत्तिवेतन नसे. लष्करी सेवेचे अल्पसे वेतन तेवढे मिळे. तरीही मोठ्या व्यापारी कंपन्यांत नाव विकून पैसा मिळवणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. सकाळी हातात काठी घेऊन गावात फेरफटका मारणारे हे वृद्ध गृहस्थ एके काळी जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचे अध्यक्ष होते, हे अनोळखी मनुष्याला सांगूनही खरे वाटले नसते.

वार्धक्यात जुने संस्कार पुन्हा डोके वर काढतात, याचाही प्रत्यय त्यांच्या आयुष्यात आला. १९६० साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी दक्षिणेतील उपाहारगृहांत शांततेने ठाण मांडून सत्याग्रह केला, तेव्हा ट्रुमन यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. ज्यांच्या हक्कांसाठी त्यांनी आपले अध्यक्षपद पणाला लावले होते, त्यांच्याच मुलांची तळमळ त्यांना त्या वेळी उमगली नाही. परंतु त्यांनी एकदा उघडलेले दार आता बंद होणारे नव्हते. १९४८ साली ज्या मागण्या त्यांनी मांडल्या, त्यांपैकी बहुतेकांना १९६४ व १९६५ च्या कायद्यांनी मूर्त रूप आले.

२६ डिसेंबर १९७२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, कॅन्सस शहरात ट्रुमन यांचे निधन झाले. इंडिपेंडन्स येथे त्यांच्या नावाने उभारलेल्या ग्रंथालयाच्या प्रांगणात त्यांची समाधी आहे.

ट्रुमन हे निर्दोष पुरुष नव्हते. ज्या घरात ते जन्मले, त्या घराचे पूर्वग्रह त्यांच्या मनातून समूळ गेले, असेही म्हणता येत नाही. परंतु आपल्याला कोण आवडते आणि कोणावर अन्याय होत आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे त्यांनी जाणले. आणि निर्णयाची वेळ आली तेव्हा पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याच्या आड येऊ दिले नाही. वारसा कोणाला निवडता येत नाही. कर्तव्य मात्र प्रत्येकाला स्वतःच निवडावे लागते. एका आंधळ्या झालेल्या सैनिकाने अध्यक्षांना जे दाखवले, ते पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.